साडेबाराच्या पुढे

रात्रपाळी नसते त्या रात्री
गोठिवलीच्या खोलीत मी कॅबिनेटच्या कुशीचा पत्रा काढतो
आणि टेबलफॅन सरळ त्याच्या पोटात सोडतो.
महापेला माझं काम उलटं :
थंडी राखायची. बावीस अंश. वर नाही, खाली नाही.
तिथली हजारो मशीनं काय मोजतात, कुणासाठी,
कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
इथे एकच आहे. चार कोअरचं, दोन हजार आठचं.
खोकला आला तरी कळतो मला याचा.

डिलीट दाबत राहायचं, निळा पडदा येईपर्यंत.
पायाचा ठोका दोनशे. त्याला हात लावायचा नाही,
त्याच्यावर अख्ख्या बोर्डाचा संसार चालतो.
त्याच्या खाली गुणक. कारखान्यातून आला तसाच :
साडेबारा.

साडेबारा दोनशे, अडीच हजार.
निमकी आमच्या शाळेत कुणी शिकवली नाही,
पण साडेबारा हा आकडा आमच्या गावात
रांगत्या पोरालाही कळतो.
खाडीकडची खाचरं गेली, मिठागर गेलं,
शंभरातले साडेबारा परत मिळणार म्हणून
बाबा बेलापूरचे जिने चढले
सोळा वर्षं, एकच फाइल काखेत.
तेरा करा, असं कुणाला म्हणता आलं नाही.
प्लॉट आला. बिल्डरला गेला.
भावाभावांत वाटून जे उरलं
त्यातून बहिणीचं लग्न, एक बाइक,
आणि हे.

इथे अधिकचं बटण दाबलं की तेरा.
सही नाही, शिक्का नाही, उद्या या नाही.
साडेतेरा. विजेला चिमूटभर वाढ,
एक पॉइंट तीन पाच.
चौदा.
चौदाला पंख्याचा सूर छातीतून नाकात जातो.

हर्षाली दारात : पप्पा, गुरुवारी सबमिशन आहे माझं.
आतून तिची आई :
नवा घेवाचा सोरून जुन्याला कला पिलतस?
दोघींचं बरोबर आहे.
मी साडेचौदा करतो.

चाललं. अठ्ठावन्न अंश. साठ.
मग पंधरा.
पंधरा म्हणजे तीन हजार. गोल आकड्याचा मोह,
दुसरं काही नाही.
पडदा गोठला. माउसचा बाण
तिच्या घराच्या छपरावर अडकून राहिला,
मग तोही गेला.

बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी नखानं उचलली,
चहा पिऊन होईस्तोवर बाहेर ठेवली, परत बसवली.
मशीन उठलं तेव्हा त्याच्या हिशेबी
एक जानेवारी दोन हजार आठ, मध्यरात्र.
बाबा आहेत. आतल्या खोलीत झोपलेत.
फाइल उशाखाली.
व्यवहार व्हायला अजून तीन महिने.
तारीख मी लगेच बदलली नाही.
कर्सर लुकलुकत होता, लुकलुकू दिला.

शेवटी चौदावर ठेवलं. अठ्ठावीसशे.
तिचं घर शिजायला अठ्ठावन्न मिनिटं लागायची,
बावन्न लागली.
कोपऱ्यातलं घड्याळ आपल्याच चालीनं गेलं,
गुणक त्याच्या गावीही नाही.
सहा मिनिटं उरली. ती घेऊन मी गच्चीवर गेलो,
ऐरोली पुलाचे दिवे बघितले,
एका ट्रकचा लाल दिवा पलीकडे जाईपर्यंत,
आणि खाली आलो.

पडद्यावर घर तयार होतं. दोन खोल्या, ओटा,
आणि मागे रिकामी जागा, भरपूर,
उन्हं पण नीट पडलेली.
एवढी जागा कुणाची गं, मी विचारलं.
ती म्हणाली, माप सरांनी दिलंय, पप्पा.

पत्रा अजून फरशीवर पडलाय.
आत हात घालून पाहिलं :
गरम आहे.
सोसेल इतपत.